एक शब्द, अनेक अर्थ : क्रेडिट

बँकेच्या दैनंदिन कामकाजात ‘क्रेडिट’ हा शब्द आपण वारंवार उच्चारतो; परंतु ग्राहकाला तो प्रत्येक वेळी योग्य अर्थाने कळतो का? पासबुकात क्रेडिट म्हणजे जमा, क्रेडिट विभागात कर्ज, तर ३०० ते ९०० अंकांत मोजल्या जाणाऱ्या सिबिल स्कोअरच्या संदर्भात पत. चित्रपटाच्या नामावलीत तोच शब्द श्रेय होतो.

एका निवृत्त ग्राहकांनी क्रेडिट कार्डाच्या संदेशातील ‘अव्हेलेबल क्रेडिट’ ही स्वतःची शिल्लक समजून खर्च केली. प्रत्यक्षात ती उधारीची उरलेली मर्यादा होती. बिल हाती येताच ते हवालदिल झाले. दोष त्यांचा नव्हे. अर्थ न उलगडता शब्द हाती देणाऱ्या आम्हा बँक कर्मचाऱ्यांचा होता.

या शब्दाच्या मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘विश्वास ठेवणे’ असा आहे. ठेव म्हणजे ग्राहकाने बँकेवर आणि कर्ज म्हणजे बँकेने ग्राहकावर टाकलेला विश्वास. मराठीत मात्र जमा, कर्ज, पत आणि श्रेय असे स्वतंत्र, नेमके शब्द आहेत. काउंटरवर ते वापरण्यात कमीपणा कसला? ग्राहकांनीही निःसंकोचपणे विचारावे, “ही रक्कम माझी की बँकेची?”