कारखाना कधी उघडायचा, कसा उघडायचा

महासाथीत टाळेबंदी लावण्याचा निर्णय एका रात्रीत होऊ शकतो. ती उठवायला महिने लागतात, कारण त्या काळात रोज दोन प्रश्न सोडवावे लागतात. कारखाने, दुकाने, कार्यालये कधी उघडायची हा पहिला आणि कशी उघडायची हा दुसरा. मे २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी महासाथ करार स्वीकारला. पुढच्या साथीची तयारी ही फक्त आरोग्य खात्याची नव्हे, तर साऱ्या समाजाची जबाबदारी आहे, अशी भूमिका त्यात आहे. साऱ्या समाजात उद्योगही आलेच. मग त्यांना निर्णयाच्या बैठकीत कुठे आणि कितपत जागा द्यायची, हे साथ नसताना ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

कोविडच्या काळात ही चर्चा ‘जीव की जीविका’ अशा पेचात अडकली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत भारताचे सकल देशांतर्गत उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी आकुंचन पावले आणि शहरी बेरोजगारी जवळपास २१ टक्क्यांवर गेली. त्यामुळे निर्बंध उठवले की अर्थचक्र आपोआप फिरू लागेल, असा समज बळावला. प्रत्यक्षात गिऱ्हाईक फक्त सरकारी आदेशाने घरी बसत नाही, भीतीनेही बसते. शिकागो विद्यापीठातील ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सायव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी मोबाइलच्या नोंदींवरून अमेरिकेतील दुकानांमधली वर्दळ तपासली. ती एकूण ६० टक्क्यांनी घटली होती, पण कायदेशीर निर्बंधांमुळे झालेली घट त्यातली जेमतेम ७ टक्के अंशांची होती. लोकांनी आदेशापूर्वीच पाय आखडता घेतला होता. याचा अर्थ संसर्ग आटोक्यात आणणे हे उद्योगाच्याही हिताचे आहे. ग्राहक आणि कामगार निर्धास्त झाल्याशिवाय उघडलेल्या शटरला फारसा अर्थ नसतो.

उद्योगांकडे सरकारी यंत्रणेकडे नसलेले ज्ञान असते, हे २०२१च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने पाहिले. रुग्णालयांना प्राणवायू कमी पडू लागला, तेव्हा प्रश्न केवळ उत्पादनाचा नव्हता. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो आणि त्यासाठी खास टँकर लागतात. ते पुरेसे नव्हते. नायट्रोजन आणि आरगॉनचे टँकर प्राणवायूसाठी बदलून घ्यावे लागले. त्यांची सफाई कशी करायची, झडपा कोणत्या बसवायच्या, हे वायुउद्योगातल्या तंत्रज्ञांनाच ठाऊक असते. १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे निघाली. आरोग्य, रेल्वे आणि पोलाद अशी तीन क्षेत्रे एका सूत्रात आल्याशिवाय हे जमले नसते.

पुण्यात मराठा चेंबर ऑफ कॉमर्सच्या पुढाकाराने उद्योजक, डॉक्टर आणि प्रशासन ‘पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड-१९ रिस्पॉन्स’ या नावाने एकत्र आले. सिंगापूरच्या टेमासेक फाऊंडेशनच्या मदतीने प्राणवायू यंत्रे आणण्याच्या मोहिमेत या व्यासपीठाचा मोठा वाटा होता. किती कारखाने किती क्षमतेने चालू आहेत, किती कामगार परतले, याची पाहणीही चेंबर वेळोवेळी करत राहिले. धोरण ठरवणाऱ्यांना अशी ताजी माहिती सरकारी आकडेवारीच्या कितीतरी आधी हाती येते. केंद्राने एप्रिल २०२१मध्ये कामाच्या ठिकाणी लसीकरणाला परवानगी दिली, ती उद्योगांच्या आवारात जागा, नोंदी आणि माणसे तयार असल्यामुळेच.

पण जो उत्तम व्यवस्थापक असतो, तो निर्णयात हितसंबंधीही असतो. याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील मांसप्रक्रिया उद्योगाचे आहे. हे कारखाने साथ पसरवत असल्याचे दिसत असतानाच २८ एप्रिल २०२० रोजी तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ते चालू ठेवण्याच्या हेतूने आदेश काढला. अशा आदेशाचा मसुदा उद्योग संघटनेनेच आधी सरकारकडे पाठवला होता, हे अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने मे २०२२मध्ये उघड केले. पाच मोठ्या कंपन्यांतील किमान ५९ हजार कामगार पहिल्या वर्षात बाधित झाले आणि २६९ जण दगावले, अशी नोंद याच उपसमितीने केली होती. ‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर उद्योगाने लिहिले, की त्याची किंमत मोजणारी माणसे बैठकीबाहेर राहतात.

‘कसे’ या प्रश्नाचे उत्तरही फाटकाच्या आत संपत नाही. जर्मनीतील ग्युटर्सलोह जिल्ह्यातील मांसप्रक्रिया कारखान्यात २०२०मध्ये पसरलेल्या संसर्गाच्या अभ्यासातून थंड, कोंदट, पुन्हा पुन्हा फिरवल्या जाणाऱ्या हवेत विषाणू आठ मीटरपर्यंत पोचल्याचे दिसले. दोन यंत्रांमध्ये सहा फुटांची रेघ मारून तिथे भागले नसते. आपल्याकडे जून २०२०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका मोठ्या कारखान्यात शंभराहून अधिक कामगार बाधित झाल्याचे समोर आले. जुलैत शहर आणि वाळूज परिसरात पुन्हा कडक संचारबंदी लागली. औद्योगिक वसाहतीतला कामगार पाळी संपल्यावर दाटीच्या बसने किंवा सहा आसनी रिक्षाने खोलीवर जातो, तिथे चौघा-पाचांबरोबर राहतो. फाटकावर ताप मोजणारी बंदूक या प्रवासाबद्दल काही सांगत नाही.

म्हणूनच ‘उद्योगजगत’ म्हणून बैठकीला कोणाला बोलवायचे, हा प्रश्न महत्त्वाचा. एप्रिल-मे २०२१च्या निर्बंधांत कामगारांची राहण्याची सोय आवारात करू शकणाऱ्या कारखान्यांना सवलत मिळाली. मोठ्या कंपनीला ते जमते. तिला सुटे भाग पुरवणाऱ्या, दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपला जमत नाही आणि त्या वर्कशॉपचे शटर बंद राहिले, तर मोठ्या कंपनीची जुळणीही अडते. त्यामुळे लघुउद्योजक, कामगार संघटना आणि कंत्राटी कामगारांचे प्रतिनिधी यांच्याशिवाय भरलेली बैठक अपुरीच असते.

वाटणीचा एक नमुना महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. ७ जून २०२१पासून राज्यात पाच स्तरांचे सूत्र लागू झाले. बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी आणि प्राणवायूच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी खाटा भरलेल्या, तर जिल्हा पहिल्या स्तरात. बाधितांचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले किंवा ७५ टक्क्यांहून अधिक खाटा भरल्या, तर पाचव्या. सूत्रावर टीका झाली, पुढे त्यात बदलही झाले. तरी आपला जिल्हा कुठे आहे आणि पुढच्या आठवड्यात काय होऊ शकते, हे उद्योजकाला आणि कामगारालाही आकड्यांवरून समजू लागले. ही उंबरठ्याची पातळी साथरोगतज्ज्ञांनी ठरवावी आणि ती आधीच जाहीर असावी. तिच्या आत पाळ्या कशा लावायच्या, हवा खेळती कशी ठेवायची, बस किती भरायची, आजारी कामगाराची रजा पगारी कशी ठेवायची, हे उद्योजक आणि कामगारांनी मिळून ठरवावे. पगारी रजेचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण मजुरी बुडण्याच्या भीतीने ताप लपवून कामावर येणारा माणूस साऱ्या नियमावलीवर पाणी फिरवतो.

अशी बैठक पुढची साथ आल्यावर घाईघाईने बोलावली, तर तिथे पुन्हा ज्याचा फोन लागतो त्याचेच ऐकले जाईल. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे आजही आहेत. पूर आणि आगीसाठी त्यांच्याकडे आराखडे असतात. त्यांच्याच छत्राखाली उद्योग, कामगार आणि आरोग्य यंत्रणा यांची कायम समिती नेमता येईल. वर्षातून एकदा तिची रंगीत तालीम व्हावी, इतिवृत्त लोकांसमोर यावे आणि कोणी कोणती सवलत मागितली, हे त्यात नोंदलेले असावे. याला फारसा खर्च येत नाही. २०२०च्या मे महिन्यात रेल्वेरुळांवरून गावाकडे चालत निघालेल्या मजुरांशी कोणी आधी बोलले असते, तर कारखाने उघडल्यावर माणसे कुठून आणायची, हा प्रश्नही इतका बिकट झाला नसता.