कबुली कुणी द्यायची? ख्रिस्ती पापांगीकार आणि आंबेडकरी तरुण

"आठवडाभर पाप करायचे, रविवारी फादरच्या कानात सांगायचे, झाले मोकळे! सोमवारपासून पुन्हा सुरू!" ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की आपल्यातील अनेक तरुण हा विनोद हमखास करतात. बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगरसारख्या वस्त्यांत बौद्ध, मातंग, मुस्लिम, ख्रिस्ती अशी कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात. कित्येकांच्या नात्यातही ख्रिस्ती माणसे आहेत. शेजाऱ्याच्या श्रद्धेवर केलेला असा विनोद हा अभ्यासाचा आळस आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोच विनोद मनुवादी मंडळीही मोठ्या आवडीने करतात, हेही ध्यानात घ्यावे.

चिकित्सा जरूर करावी. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माची कठोर चिकित्सा केली आहे. पण चिकित्सेआधी ती गोष्ट काय आहे हे समजून घ्यावे लागते.

प्रथम शब्द पाहू. कायद्यात 'कबुली' आणि 'कबुलीजबाब' यांत फरक आहे. एखादी वस्तुस्थिती मान्य करणे ही कबुली. गुन्हा आपणच केला हे मान्य करणे हा कबुलीजबाब. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. भारतीय संविधानाचे अनुच्छेद २०(३) सांगते की, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. का? कारण सत्तेपुढे उभ्या असलेल्या दुबळ्या माणसाच्या तोंडून निघालेले शब्द सत्य असतीलच असे नाही. पारधी वस्तीतल्या कुठल्याही माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

ख्रिस्ती धर्मात कबुलीचे दोन अर्थ आहेत. एक, श्रद्धेची कबुली : येशू हाच प्रभू आहे हे लोकांसमोर तोंडाने सांगणे. दुसरा, पापाची कबुली. मराठी बायबलात यासाठी 'पाप पदरी घेणे' असा सुंदर शब्दप्रयोग आहे. पदरी घेणे म्हणजे नुसते सांगून टाकणे नव्हे. जे घडले त्याची जबाबदारी नशिबावर, सैतानावर किंवा शेजाऱ्यावर न ढकलता आपल्या पदरात घेणे.

कॅथॉलिक पंथात याचा संस्कार झाला. गोव्याच्या कोकणीत त्याला 'कुमसार' म्हणतात. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे पापांगीकार करावा असा नियम केला. त्यात टप्पे आहेत : मनाचा पश्चात्ताप, तोंडाने निवेदन, धर्मगुरूने दिलेली क्षमेची घोषणा आणि प्रायश्चित्त. पुन्हा तसे न करण्याचा निर्धार नसेल तर ती कबुली खरी मानली जात नाही. धर्मगुरूने ऐकलेले बाहेर फोडले तर त्याला धर्मातून बहिष्कृत व्हावे लागते. म्हणजे 'सांगितले की मोकळे' हा अर्थ चर्चची शिकवण नव्हे. प्रॉटेस्टंट पंथांनी धर्मगुरूच्या कानात सांगण्याची सक्ती सामान्यतः नाकारली आणि थेट देवापुढे किंवा मंडळीसमोर कबुली देण्यावर भर दिला. वस्तीतल्या प्रार्थनासभेत लोक उभे राहून 'साक्ष' देतात, ती याच परंपरेतली.

बायबलातील जक्कयाची गोष्ट तरुणांनी जरूर वाचावी. हा रोमन सत्तेसाठी जकात वसूल करणारा श्रीमंत माणूस. येशू त्याच्या घरी येतो तेव्हा तो आपली निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे जाहीर करतो. इथे कबुलीसोबत परतफेड आहे, आणि कबुली देणारा लुबाडणारा आहे, लुबाडला गेलेला नाही! आमच्या मते या विषयाचे सगळे मर्म इथे आहे.

आता इतिहासाकडे वळू. हीच कबुली सत्तेच्या हाती गेली की तिचे काय होते ते गोव्यात दिसले. १५६० ते १८१२ या काळात मधला एक छोटा खंड वगळता तिथे इन्क्विझिशनचे न्यायालय चालले. अ. का. प्रियोळकरांनी त्यावर ग्रंथ लिहून ठेवला आहे. बाटवलेल्या लोकांनी जुन्या चालीरीती पाळल्या हाच अपराध, आणि कोठडीत टाकून त्याची कबुली काढली जाई. कबुली पश्चात्तापातून येत नव्हती, भीतीतून येत होती. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको म्हणतो की, कबुली हे सत्तेचे तंत्र आहे. बोलणारा उघडा पडतो आणि ऐकणारा वरचढ ठरतो. समाजशास्त्राच्या वर्गात हे वाक्य अवघड वाटते, पोलीस चौकीच्या बाकावर अजिबात वाटत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यातले. पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे केले. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळातील शेकडो अनाथ मुली, बालविधवा तिथे आल्या. १९०५ मध्ये तिथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. मुली मोठमोठ्याने रडत आपल्या पापांची जाहीर कबुली देऊ लागल्या. रमाबाईंचे कार्य थोर आहे, त्यांनी ब्राह्मणी पुरुषसत्तेला दिलेला धक्का आपण विसरता कामा नये. जिला आयुष्यात कुणी 'तुला काय वाटते' असे विचारले नाही, तिने चारचौघांत 'मी' म्हणून बोलणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हती. तरीही एक प्रश्न उरतोच. दुष्काळात आईबाप गमावलेल्या, नवरा मेला म्हणून घराबाहेर काढलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या पदरात नेमके कोणते पाप होते? तिला उपाशी ठेवणारी व्यवस्था त्या सभेत कबुली द्यायला आली होती का?

हाच प्रश्न बाबासाहेबांनी विचारला आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या ५ व्या खंडात धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर लेखन आहे. त्यांचा मुद्दा असा : अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याला सांगितले गेले की तुझी दुर्दशा तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्मामुळे आहे, तो ख्रिस्ती झाला तेव्हा सांगितले गेले की मानवाच्या आद्य पूर्वजांच्या पापामुळे आहे. दोन्हीकडे दोष त्याच्याच माथी! त्याला खाली ढकलणारी समाजव्यवस्था दोन्हीकडे नामानिराळी राहते. जो रोगी आहे त्यालाच रोगाचा गुन्हेगार ठरवणे ही बाबासाहेबांची हरकत आहे आणि आजही ती तितकीच खरी आहे.

मग आपल्याकडचा उच्चवर्णीय समाज कशाला पाप मानत होता? त्यासाठी बिबवेवाडीहून फार लांब जायला नको, गुरुवार पेठेपर्यंत गेले तरी पुरे. १८९० साली तिथल्या पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. नावे वृत्तपत्रात छापून आली आणि सनातन्यांनी ग्रामण्य उभे केले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. ख्रिश्चनाच्या हातचा चहा हे पाप, त्याला प्रायश्चित्त! पण त्याच पुण्यात महार-मांगांना पाणवठ्यावर येऊ न देणे हे पाप नव्हते, त्याला ग्रामण्य नव्हते, त्याला प्रायश्चित्तही नव्हते. ब्राह्मणी प्रायश्चित्त विटाळाचे होते, अन्यायाचे कधीच नव्हते. दक्षिणा दिली की शुद्ध. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस या सगळ्या व्यवहारात कुठेच नाही.

याच्याशी तुलना करता ख्रिस्ती परंपरेत निदान एक शक्यता आहे : शोषकाला 'तू पापी आहेस' असे म्हणण्याची शक्यता. दक्षिण आफ्रिकेत ती प्रत्यक्षात आली. वर्णभेदाखाली भरडलेल्यांच्या डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने १९८२ मध्ये 'बेलहार' येथे श्रद्धेची कबुली तयार केली आणि १९८६ मध्ये स्वीकारली. माणसामाणसांत वर्णावरून फूट पाडणे श्रद्धेच्याच विरुद्ध आहे, असे तिचे म्हणणे. इथे कबुली म्हणजे रडणे नव्हते, ठणकावून सांगणे होते. १९९० मध्ये रस्टेनबर्गच्या परिषदेत गोऱ्या चर्चचे धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी स्वतःच्या व आपल्या चर्चच्या वतीने वर्णभेदाच्या पापाची जाहीर कबुली दिली. १९९६ पासून डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि सलोखा आयोगापुढे मारेकऱ्यांना आपली कृत्ये सांगावी लागली. नुकसानभरपाई तुटपुंजी राहिली, जमिनीचा प्रश्न सुटला नाही, हे खरेच. पण निदान प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला.

भारतात काय? कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप आहे, ते चर्चमध्येही आहे, हे मान्य केले. हे स्वागतार्ह आहे. पण ही अजून कबुली आहे, पदरी घेणे नाही. तामिळनाडूत दफनभूमीतही दलित ख्रिश्चनांची जागा वेगळी ठेवली गेली. भारतातील पहिला दलित कार्डिनल होण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. जक्कयाची चौपट परतफेड कुठे आहे, हा प्रश्न दलित ख्रिस्ती बांधव विचारत आहेत आणि आपण त्यांच्यासोबत उभे राहिले पाहिजे.

आता श्रद्धेच्या कबुलीचा मुद्दा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदू नसलेल्यांना यादीबाहेर ठेवले. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये प्रवेश मिळाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलित अजूनही बाहेरच आहेत. परिणामी माणूस घरात ख्रिस्ती आणि कागदावर हिंदू राहतो. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, नेमक्या संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेचा दावा याच कारणाने फेटाळला. तिला 'ढोंगी' म्हणण्याआधी आपल्या घरातली जुनी कागदपत्रे उघडावीत. १९५६ नंतरही कित्येक शाळांच्या दाखल्यांवर 'हिंदू महार' का राहिले? जी व्यवस्था खरे बोलण्याची किंमत शिष्यवृत्तीतून वसूल करते, ती खोटे बोलायला भाग पाडते. आणि हे संकट फक्त त्यांचे नाही. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढून बौद्ध धम्म स्वीकारण्यासाठीही जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल असे कळवले. म्हणजे आपली श्रद्धाही आता साहेबाच्या टेबलापुढे कबूल करायची!

शेवटी, धम्म काय सांगतो? पितृहत्या केलेला राजा अजातशत्रू बुद्धांपुढे येऊन आपला अपराध मान्य करतो, ही कथा दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात आहे. अपराधाला अपराध म्हणून पाहणे आणि पुढे संयम पाळणे यात वाढ आहे, असे बुद्ध सांगतात. पण ते त्याचे कर्म पुसून टाकत नाहीत. तो गेल्यावर ते भिक्खूंना सांगतात की, या राजाने आपल्या हाताने आपलेच नुकसान केले आहे, नाहीतर त्याला इथेच धम्मदृष्टी लाभली असती. बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. भिक्खुसंघात वर्षावासाच्या शेवटी पवारणा असते : 'माझ्यात काही दोष दिसला, ऐकला असेल तर सांगा' अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो, थेरसुद्धा. इथे खालचा वरच्यापुढे कबुली देत नाही, वरचाही सर्वांपुढे बसतो. आपल्या संघटनांच्या वार्षिक बैठकीत अध्यक्षांनी कधी पवारणा केली आहे का, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या बैठकीत विचारावे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी घेतलेल्या २२ प्रतिज्ञा हीसुद्धा जाहीर कबुलीच होती. त्या दिवशी कुणी आपल्या जन्माचे पाप मान्य केले नाही; नाकारायचे ते नाकारले आणि स्वीकारायचे ते स्वीकारले.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे एवढेच. प्रार्थनासभेत रडणाऱ्या शेजारणीला हसू नका. दारुड्या नवऱ्याने आणि कर्जाने पिचलेल्या बाईला तिचे कुणीतरी ऐकून घेतले, हे तिच्यासाठी खरे आहे. आपल्या विहारात तिचे कोण ऐकते ते बघा. पण तिला हेही सांगा की, तुझी गरिबी हे तुझे पाप नाही, तुझी जात हा तुझा अपराध नाही. पदर पसरायची वेळ दुसऱ्यांची आहे : ज्यांनी गावकुसाबाहेर ठेवले, ज्यांनी जमिनी बळकावल्या, जे आजही भाड्याने घर देताना आडनाव विचारतात. त्यांच्याकडून कबुली मागा, आणि कबुलीसोबत परतफेड मागा.

जय भीम! नमो बुद्धाय!