चोवीस गाण्यांसाठी अख्खी हार्ड डिस्क?

संगीताच्या चोरीचा आरोप आणि कूटबद्ध हार्ड डिस्क यांची गाठ पडली की एक ठरावीक युक्तिवाद पुढे येतो: ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, त्याने पासवर्ड देऊन टाकावा. हा युक्तिवाद सरळ वाटतो, म्हणूनच तो घातक आहे. आरोप काही गाण्यांपुरता असतो. मागणी मात्र माणसाच्या संपूर्ण आयुष्याच्या दप्तराची असते. या दोहोंतले अंतर न मोजणारा कायदा चोराला पकडतो की नाही हे सांगता येत नाही, पण निरपराध माणसाला तो नक्कीच उघडा पाडतो.

भारतात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ‘निट प्रो इंटरनॅशनल’ प्रकरणात दिला. कलम ६४ तर उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास बेकायदा प्रती आणि त्या तयार करण्याची साधने वॉरंटशिवाय जप्त करण्याचा अधिकार देते. कॅसेटच्या जमान्यात याचा अर्थ स्वच्छ होता. बनावट कॅसेटचे खोके उचलले की काम संपे. खोक्यात कॅसेटखेरीज काही नसे. आज ‘प्रत’ आणि ‘साधन’ दोन्ही एकाच हार्ड डिस्कमध्ये वसतात. त्याच डिस्कवर वैद्यकीय अहवाल असतात, बँकेची विवरणे असतात, घरच्यांची छायाचित्रे असतात, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार असतो आणि एखाद्या संशोधक विद्यार्थ्याची चार वर्षांची निरीक्षणेही असतात. मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या दुकानाचा संगणक उचलला, तर दुकानदाराबरोबर त्याच्या असंख्य गिऱ्हाइकांचे खासगी आयुष्यही पोलीस ठाण्याच्या कपाटात जाऊन पडते. त्यांपैकी कोणावरही आरोप नसतो.

या वाटेने अमेरिका आधी चालून गेली आहे. तेथील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने सप्टेंबर २००३ मध्ये सामान्य संगणक-वापरकर्त्यांवर २६१ दावे एका झटक्यात गुदरले आणि पुढची पाच वर्षे ही मोहीम चालवली. मिनेसोटातील एका महिलेवरचा खटला चोवीस गाण्यांचा होता. त्यात ज्यूरीने २००७ साली २ लाख २२ हजार डॉलरांची भरपाई ठरवली. फेरसुनावणीत २००९ साली ती १९ लाख २० हजारांवर गेली आणि अनेक वळणांनंतर २०१२ साली पुन्हा मूळ रकमेवर आली. तिने दाव्यापूर्वी बदलून घेतलेली हार्ड डिस्क हा त्या खटल्यातील मोठा वादाचा मुद्दा होता. डिस्क हाच साक्षीदार, डिस्क हाच आरोपी, असे स्वरूप या दाव्यांना आले होते.

तरीही त्याच अमेरिकेतील टेक्सासच्या दोन न्यायालयांनी २००६ साली जे दोन आदेश दिले, ते भारतीय न्यायव्यवस्थेने जवळून पाहण्यासारखे आहेत. एका प्रकरणात कंपन्यांना प्रतिवादीच्या डिस्कची तपासणी स्वतःच्या तज्ज्ञाकडून करून घ्यायची होती. न्यायालयाने ती मागणी नाकारली आणि तटस्थ तज्ज्ञ नेमण्यास सांगितले. कारण डिस्कवर खटल्याशी संबंध नसलेला खासगी मजकूर असणार, हे उघड होते. दुसऱ्या प्रकरणात प्रतिवादीने न्यायालयाचा आदेश असताना डिस्क पुसून टाकली होती. तेथे तिच्याविरुद्ध थेट निकाल देण्यात आला. पुरावा नष्ट करणाऱ्यास शिक्षा आणि खासगी मजकुराला संरक्षण, या दोन गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत, हे त्या दोन आदेशांनी दाखवून दिले. कूटबद्ध डिस्क पुसलेली नसते. तिच्यावरचा प्रत्येक बिट जागच्या जागी असतो. तरीही ‘एन्क्रिप्शन म्हणजे पुरावा दडवणे’ असे बिनदिक्कत म्हटले जाते. हे म्हणजे घराला कुलूप लावणाऱ्यावर घर जाळल्याचा आरोप ठेवण्यासारखे आहे.

कंपन्यांना डिस्क हवी असते, यामागे एक तांत्रिक कारण आहे आणि ते त्या मोठ्याने सांगत नाहीत. बिटटॉरेंटसारख्या जाळ्यात त्यांच्या हाती लागतो तो केवळ एक आयपी पत्ता. हा पत्ता जोडणी दाखवतो. तिच्यापुढे कोण बसले होते, ते दाखवत नाही. वसतिगृहात एका वायफायवर शंभर मुले असतात. मोबाइल सेवेत एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली एक मार्मिक प्रयोग केला. त्यांनी फाइल-वाटपाच्या जाळ्यात काही यंत्रांचे पत्ते नोंदले जातील अशी व्यवस्था केली. प्रत्यक्षात काहीही उतरवून घेतले नाही. तरी कॉपीराइट-उल्लंघनाच्या नोटिसा आल्या आणि त्यांतील काही विद्यापीठाच्या प्रिंटरांच्या नावे होत्या. कागद छापणाऱ्या निर्जीव पेटीवर चाचेगिरीचा ठपका ठेवणारी पद्धत एवढी कच्ची असेल, तर तिच्या आधारावर माणसाच्या खासगी आयुष्याची झडती मागणे हा न्याय कसा? पहिला पुरावा लंगडा आहे म्हणून दुसरा मागितला जातो. आणि दुसरा मिळाला नाही की त्याचे खापर एन्क्रिप्शनवर फोडले जाते.

एन्क्रिप्शन म्हणजे नेमके काय, हेही येथे स्पष्ट व्हायला हवे. बिटलॉकर, फाइलव्हॉल्ट किंवा लिनक्सवरील लक्स या प्रणाली डिस्कवरचा मजकूर यादृच्छिक किल्लीने कूटबद्ध करतात. ही किल्ली बहुधा १२८ किंवा २५६ बिटांची असते. वापरकर्त्याचा पासवर्ड मजकुराला थेट कुलूप लावत नाही. तो या मूळ किल्लीची पेटी उघडतो. १२८ बिटांच्या शक्य किल्ल्यांची संख्या ३४ या आकड्यापुढे ३७ शून्ये दिल्यावर जी होते, तेवढी आहे. सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या किल्ल्या तपासणारा महासंगणक कामाला लावला, तरी सर्व किल्ल्या पडताळायला सुमारे दहा लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय त्यापुढे फिके पडते: ते अवघे १,३८० कोटी वर्षे आहे. म्हणून तपास यंत्रणा गणिताच्या वाटेला जात नाहीत, माणसाच्या वाटेला जातात. सहा अंकी पिन असेल तर शक्यता केवळ दहा लाख उरतात. बिटलॉकरची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली अनेकदा वापरकर्त्याच्या नकळत त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसलेली असते. आणि शेवटी पासवर्ड ज्याच्या डोक्यात आहे, त्या माणसावर दबाव आणता येतो.

त्या दबावाविरुद्ध भारतीय नागरिकाला काय संरक्षण आहे? राज्यघटनेचे कलम २०(३) सांगते की, गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणाही व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली काठी कालू ओघड प्रकरणात बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने या संरक्षणाबाहेर ठेवले; कारण ते आरोपीच्या मनातील ज्ञान उघड करत नाहीत. मग पासवर्ड ठशासारखा आहे की साक्षीसारखा? कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात पासवर्ड देणे ही स्वतःविरुद्धची साक्ष नव्हे, असे मानले. दिल्लीतील सीबीआय विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये नेमका उलट निष्कर्ष काढला. हा दुसरा निष्कर्ष अधिक तर्कशुद्ध आहे. ठसा बोटावर असतो, तो घेताना मनात डोकवावे लागत नाही. पासवर्ड केवळ स्मृतीत असतो, आणि तो सांगताच ‘ही डिस्क माझ्या ताब्यात आहे, तिचे कुलूप मला ठाऊक आहे’ हेही माणूस सांगून टाकतो. याहून स्पष्ट साक्ष ती कोणती?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार मजकूर उलगडण्यास साहाय्य करण्याचा आदेश देऊ शकते आणि नकार देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम राष्ट्राची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था यांच्या भाषेत लिहिले आहे. पण त्यात ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हे शब्दही आहेत. देशद्रोह्यासाठी घडवलेले हत्यार गाणे उतरवणाऱ्यावर उगारण्याची मुभा या तीन शब्दांत दडलेली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या हक्कात हस्तक्षेप करायचा तर तो कायद्याला धरून, वैध हेतूने आणि हेतूच्या प्रमाणातच व्हायला हवा. गाण्यांच्या तक्रारीसाठी पूर्ण डिस्क उघडणे या शेवटच्या कसोटीवर कोणत्याही हिशेबाने उतरत नाही.

दिवाणी दाव्यात परिस्थिती आणखी नाजूक होते. तेथे प्रतिवादी ‘आरोपी’ नसल्याने कलम २०(३) चा आधार सहसा मिळत नाही. पूर्वसूचना न देता कोर्ट कमिशनर पाठवून संगणक तपासण्याची पद्धत सॉफ्टवेअर चाचेगिरीच्या दाव्यांत रुळली आहे, आणि तीच वाट संगीत कंपन्यांनाही खुली आहे. त्यात हाती असलेला पुरावा पुढे न करणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढण्याची मुभा पुरावा कायदा देतो. पूर्वीच्या कलम ११४ मध्ये ती होती, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ मध्येही आहे. ही मुभा आहे, सक्ती नाही, हे न्यायालयांनी विसरू नये. आज बहुतेक नवे स्मार्टफोन कूटबद्ध होऊनच हाती येतात आणि कित्येक लॅपटॉपांतही एन्क्रिप्शन आपोआप चालू असते. जी गोष्ट कारखान्यातच ठरते, तिच्यावरून ग्राहकाच्या मनातील पाप वाचणे हा कोणता तर्क?

या साऱ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. गायक, गीतकार, वादक, ध्वनिमुद्रक यांचे पोट गाण्यावर चालते. त्यांचे श्रम फुकट लुटले जात असतील तर त्यांनी न्याय मागायचा कुठे? आक्षेप खरा आहे. चाचेगिरी ही चोरी नव्हेच, असे म्हणणाऱ्यांचे येथे समर्थन नाही. परंतु गाण्याच्या धन्याला हवा असलेला पुरावा अत्यंत अरुंद आहे: अमुक गाणी या डिस्कवर आहेत का आणि ती वाटली गेली का? एवढेच शोधणारे तंत्र उपलब्ध आहे. फाइलचा हॅश जुळवता येतो. आणि फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलल्याने हॅश चुकला, तर गाण्याच्या ध्वनिठशावरून ती ओळखता येते. मोबाइलवर चालू गाण्याचे नाव सांगणारी अॅप्स याच तत्त्वावर चालतात.

मग प्रक्रिया कशी असावी? कंपनीने दाव्यातील गाण्यांची यादी आधी न्यायालयात द्यावी. न्यायालयाने तटस्थ तज्ज्ञ नेमावा. डिस्कमध्ये बदल होऊ न देणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने तिची प्रत घ्यावी, तिचा हॅश दोन्ही पक्षांसमोर नोंदवावा आणि मूळ डिस्क मालकाला परत करावी. डिस्क उलगडायचीच असेल, तर मालकाने स्वतःच्या हाताने, पासवर्ड कोणालाही न सांगता ती तज्ज्ञासमोर उघडावी. त्यातून पुढे येईल त्याचा वापर त्या एका दाव्यापुरताच व्हावा. तज्ज्ञाने यादीतील गाणी शोधावीत आणि ‘सापडले’ किंवा ‘सापडले नाही’ एवढाच अहवाल द्यावा. काम संपताच प्रत नष्ट व्हावी. यात कलावंताचे काय बिघडते? त्याला हवे ते उत्तर मिळते. बिघडते ते फक्त झडतीच्या भीतीने तडजोडीचे पैसे उकळू पाहणाऱ्याचे.

आज असा कोणताही बंधनकारक नियम देशात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, हे चांगलेच झाले. पण डिस्क उचलतानाचे चित्रीकरण होते. नंतर तिच्यातले काय काय वाचले गेले, याची नोंद कोण ठेवणार? पाच अभ्यासकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली ती याच कारणासाठी: संगणक जप्त झाला की संशोधकाचे आयुष्यभराचे काम त्याच्याबरोबर जाते. पत्रकारांच्या संघटनेच्या याचिकेवर नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राला मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले. तोवर सीबीआयची २०२० ची नियमपुस्तिका पाळू, असे आश्वासन केंद्राने डिसेंबरमध्ये दिले. हे आश्वासन केंद्रीय यंत्रणांपुरते आहे. गाण्याच्या तक्रारीवरून दार ठोठावणारा पोलीस मात्र राज्याचा असतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. नागरिकांनी कूटबद्ध मजकुराची साधी प्रत नव्वद दिवस जपून ठेवावी, अशी त्यात अपेक्षा होती. देशभरातून टीकेचे मोहोळ उठले आणि काही दिवसांतच मसुदा मागे घ्यावा लागला. तो मागे घ्यायला लावणाऱ्यांत विद्यार्थी, अभियंते आणि विज्ञानाचे सामान्य वाचक होते. डिस्कच्या जप्तीसाठी अरुंद, तटस्थ आणि नोंदबद्ध प्रक्रियेची मागणी त्यांनीच लावून धरली पाहिजे. त्यासाठी कायदेपंडित असावे लागत नाही. आरोप जेवढा, झडती तेवढीच, एवढे एक सूत्र पुरेसे आहे.