कप्तान सापडला, मालक कोठे आहे?

नाशिकास गोदावरी आहे, समुद्र नाही. तेव्हा जहाजावरील कप्तानाच्या सुखदुःखाशी आमच्या वाचकांचा संबंध काय, असा प्रश्न कोणी करील. आमच्या मते तो संबंध फार जवळचा आहे. कसा, ते पुढे दिसून येईल.

जुलै 2017 मध्ये आमच्या तटरक्षक दलाने गुजरातच्या किनाऱ्याजवळ 'हेन्री' नावाचे व्यापारी जहाज अडविले. त्यात सुमारे 1,500 किलो हेरॉईन सापडले व त्याची किंमत 3,500 कोटी रुपये सांगण्यात आली. पकडले गेलेले कप्तान व खलाशी हिंदी होते. पुढे दोनच वर्षांनी, 2019 च्या जुलैत, कोलंबियातून कोळसा भरून निघालेले एक जहाज मेक्सिकोच्या आल्तामिरा बंदरास लागले. कोळशाखाली दोनशे किलोंहून अधिक कोकेन आढळले. ही वर्दी जहाजाच्या पोलिश कप्तानाने आपण होऊन अधिकाऱ्यांस दिली. त्याचे बक्षीस म्हणून त्यास सुमारे वीस महिने बंदिवास भोगावा लागला. 2021 साली तो सुटला.

जहाजावर कप्तान हा राजा खरा. परंतु आपल्या जहाजात विष दडविले आहे असा संशय एकदा मनात शिरला, की त्या राजाइतका दीन कोणी नाही. ज्या खलाश्यांच्या भरवशावर वादळातून जावयाचे, त्यांच्याकडेच तो चोरट्या नजरेने पाहू लागतो. वर्दी द्यावी तर कैद. न द्यावी तर अपराधात भागीदारी. अशा पेचात भल्याभल्यांची बुद्धी डळमळली तर नवल काय? आणि याचा परिणाम असा होतो की, पुढचा कप्तान कोळसा उकरून पाहण्याऐवजी डोळे मिटून घेतो. प्रामाणिकपणास शिक्षा देणारा कायदा चोरांचाच सोबती होय.

आमचा 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा कडक आहे, व तो कडक असावा याविषयी आमचा वाद नाही. 250 ग्रॅम हेरॉईन हे व्यापारी प्रमाण गणले जाते व त्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. कलम 35 व 54 अन्वये आरोपीचा दुष्ट हेतू व अपराध गृहीत धरला जातो. कलम 37 मुळे जामीन दुर्मिळ होतो. मात्र मूळ ताब्याची गोष्ट सरकारपक्षानेच आधी शाबीत केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली नूर आगाच्या खटल्यात बजावले. आणि तपासी अंमलदारापुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असे 2020 साली तोफान सिंगच्या खटल्यात ठरविले. हे दोन निर्णय गुन्हेगारांस दिलेली सवलत नव्हे. निरपराध्यासाठी उघडी ठेवलेली ती खिडकी आहे. ती बंद झाल्यास चोर सोडून संन्याशास फाशी, ही म्हण खरी ठरण्यास वेळ लागणार नाही.

व्यापारीवर्गाने आणखी एक गोष्ट ध्यानात आणावी. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. 1839 साली चिनी अधिकाऱ्यांनी वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, तेव्हा इंग्रजांनी त्याबद्दल पश्चात्ताप न करता लढाई पुकारली. त्या व्यापारावर गबर झालेल्यांच्या पदरी पदव्या पडल्या. व्यसनाने खंगलेल्या चिनी माणसाच्या पदरी काय पडले? काळ पालटला, कायदा पालटला. परंतु नफा घेणारा पडद्याआड व धोका पत्करणारा पुढे, ही रीत मात्र पालटली नाही.

आणि आता आमच्या घरची गोष्ट. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना पकडला. त्या प्रकरणातील मालाची किंमत तीनशे कोटींच्या घरात सांगितली गेली. ते विष कोणत्याही जहाजातून उतरले नव्हते. ते येथे, द्राक्षमळ्यांच्या या जिल्ह्यात तयार होत होते. गाळा कोणास दिला, तेथे कोणती रसायने येतात, रात्री यंत्रे का चालतात, हे विचारण्याचा आळस आम्हां नागरिकांस भोवला. जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्यास कलम 25 प्रमाणे मूळ अपराधाइतकीच शिक्षा आहे, हे प्रत्येक गाळेमालकाने भाडेपट्ट्यावर सही करण्यापूर्वी वाचावे.

आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच. वर्दी देणाऱ्या कप्तानास प्रथम साक्षीदार समजावे. उलट पुरावा मिळाल्यास मग आरोपी. परमुलखात अडकलेल्या हिंदी दर्यावर्दीच्या पाठीशी नौवहन महासंचालनालयाने व वकिलातीने पहिल्या दिवसापासून वकील उभा करावा. आणि तपास जहाजाच्या तळाशी न थांबता पैशाच्या वाटेने मालकाच्या तिजोरीपर्यंत जावा. मिळकत जप्तीचे प्रकरण कायद्यात 1989 पासून आहे, ते शोभेसाठी घातलेले नाही. गळास लागलेले मासे मोजून समाधान मानणारे सरकार गळ टाकणाऱ्यास कधीच ओळखणार नाही; आणि जो समाज त्यास ओळखूनही नमस्कार करतो, त्याने कप्तानास दोष देण्याचा अधिकार गमावला आहे.