रिकामी कबर आणि साक्षीदार

कबर रिकामी होती, यावरून देह तेथे नव्हता एवढेच ठरते. ख्रिस्ती श्रद्धा उभी राहिली ती नंतरच्या दर्शनांवर. इ. स. ५५ च्या सुमारास करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल साक्षीदारांची यादीच देतो: केफा म्हणजे पेत्र, बारा शिष्य, पाचशेंहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी आपण स्वतः. पाचशेंपैकी बहुतेक हयात आहेत, हे तो आवर्जून सांगतो. (कर्ज मागणाऱ्याने जामीनदारांची नावे द्यावीत, तसेच हे!) मात्र योहानाच्या शुभवर्तमानात ज्या मग्दालीया मरीयेला प्रथम दर्शन घडते, तिचे नाव या यादीत नाही. त्या काळी स्त्रीची साक्ष कमी लेखली जाई, हे त्याचे कारण असावे. पण मग शुभवर्तमानातील कथा निव्वळ बनाव म्हणणे कठीण जाते. बनाव रचणाऱ्याने मरीयेला पहिली साक्षीदार केले नसते.