मोटर गेली? आधी ऐका तर खरं!

"मोटर गेली" हे जगातलं सगळ्यात सोपं निदान आहे. सांगणाऱ्याला सोपं, ऐकणाऱ्याला महाग. सोफा-कार्पेट धुणारं मशीन पाणी ओढेनासं झालं, की मेकॅनिक दोन मिनिटं बघतो आणि निकाल देतो. बदला मोटर! आमच्या धंद्यात यालाच लॉग न वाचता "फॉरमॅट मारून बघा" म्हणतात.

तर मंडळी, या मशीनचा लॉग म्हणजे त्याचा आवाज. तो वाचायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही. (लागली असती तरी आमच्या बॅचचा फारसा उपयोग नव्हता!)

चालू मशीनचं नोझल तळहाताने बंद करा. आवाज चढतो. वाटतं, मोटरवर लोड आला. प्रत्यक्षात उलट होतं! पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, लोड उतरतो आणि मोटर सुसाट फिरते. आता हात न लावताच असा चढा आवाज येत असेल आणि ओढ नसेल, तर मोटर ठणठणीत आहे, वाट अडलीय. होजमध्ये केसांचा बोळा, चोंदलेला फिल्टर, नाहीतर भरलेली टाकी. टाकीत पाणी वर आलं की फ्लोट उचलला जातो आणि हवेची वाट बंद करतो. शाम्पू सढळ हाताने ओतला असेल तर फेस हेच काम टाकी अर्धी असतानाच करतो.

नोझल बंद करूनही आवाज ढिम्म? मग हवा भलतीकडून आत येतेय. होज काढा, सरळ टाकीच्या तोंडावर हात धरा. तिथे ओढ जोरदार असेल तर होज फाटलीय. नसेल तर झाकणाचं रबर तपासा. शुद्ध डीबगिंग.

मोटर खरंच बिघडतेही. अडखळत चालणं, भरपूर ठिणग्या, म्हणजे बहुधा कार्बन ब्रश झिजलेत. किंचाळत असेल तर बेअरिंग, आणि त्याला बऱ्याचदा आत गेलेला फेसच जबाबदार असतो. वाइंडिंग जळल्याचा वास आला, तर मात्र मेकॅनिकशी वाद घालू नका. (उघडायच्या आधी प्लग काढा, हे वेगळं सांगायला नको.)

हे एवढं का लिहितोय? दिवाळीआधी घरोघरी सोफे धुणाऱ्या पोरांकडे बहुतेक वेळा एकच मशीन असतं. नवी मोटर येईपर्यंत ऐन सीझनचा शनिवार-रविवार बुडतो. ब्रश हा झिजण्यासाठीच बनवलेला भाग. तो सुटा न विकता अख्खी मोटर गळ्यात मारणं मला तरी चक्क लूट वाटते. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. छान. पण गल्लीतल्या मेकॅनिकला ब्रशची जोडी काउंटरवर मिळायला हवी, तर त्याला अर्थ.

असो. तुमच्या घरी सोफा धुताना मशीन मध्येच बंद पडलं, तर त्या पोराला आधी टाकी रिकामी करायला सांगा, फिल्टर बघायला सांगा, आणि चहा द्या. नुसता थर्मल कटआउट उडाला असेल, तर चहा होईपर्यंत तोही थंड होईल.