मुलगी सापडते, गिऱ्हाईक कुठं जातं?

लॉजवर छापा पडतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते : ‘अल्पवयीन मुलीची सुटका’. बातमीत मुलीचं वय असतं, तिचा जिल्हा असतो, तिला आणणारी बाई असते. पैसे मोजून खोलीत शिरलेला माणूस बहुतेक वेळा नसतो आणि खोलीचा मालकही नसतो. कोवळ्या मुलींचा बाजार चालतो तो या दोघांच्या जिवावर. हे पत्रक त्यांच्याविषयी आहे.

नगरला हा विषय नवा नाही. २००६ साली शहरात अल्पवयीन मुलींच्या शोषणाचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा आरोपींमध्ये प्रतिष्ठित म्हणवणारे निघाले. २०१० मध्ये सत्र न्यायालयाने अनेकांना जन्मठेप सुनावली. असली गिऱ्हाइकं परगावची असतात, ही सोयीची समजूत तेव्हाच मोडायला हवी होती.

त्याच शहराने उलट उदाहरणही घालून दिलं आहे. १९८९ मध्ये गिरीश कुलकर्णी या तरुणाने चित्रा गल्ली या वेश्यावस्तीतल्या बायकांच्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि त्यातून ‘स्नेहालय’ उभं राहिलं. आईच्या वाटेनेच लेकरू जाणार, हे भाकीत त्या मुलांनी खोटं ठरवलं. पुढे वस्तीत अल्पवयीन मुलगी येऊ नये म्हणून तिथल्या बायकाच संस्थेबरोबर उभ्या राहिल्या. गावाने ज्यांना नावं ठेवली त्या बायका पहारा देतात आणि लॉजच्या काउंटरवरचा शिकलेला मॅनेजर आधार कार्डावरची जन्मतारीखही वाचत नाही!

शिर्डी आणि शनिशिंगणापूरच्या भाविकांमुळे जिल्ह्यात लॉज भरपूर आहेत. सचोटीने धंदा करणाऱ्यांनीच आपल्या संघटनेत हा प्रश्न काढावा, कारण कायदा कडक आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार हॉटेलात अल्पवयीन मुलीबाबत गुन्हा घडला तर परवाना रद्द होऊ शकतो. गिऱ्हाइकालाही सुटका नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९९ प्रमाणे वेश्याव्यवसायासाठी मूल विकत घेणाऱ्याला किमान ७ वर्षांची कैद आहे आणि कलम १४३ खाली मुलाची तस्करी करणाऱ्याला किमान १० वर्षांची. ‘तिची मर्जी होती’ हा बचाव १८ वर्षांखालील मुलीबाबत चालत नाही.

आता मुलगी जिथून निघते त्या गावाकडे पाहू. पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला जातात. वयात आलेली पोर कोणाकडे ठेवायची, या धास्तीने तिचं लग्न उरकलं जातं, नाहीतर ती म्हाताऱ्या आजीजवळ राहते. मग ओळखीतलंच कुणीतरी येतं : ‘पुण्यात कामाला लावतो’, ‘चांगलं स्थळ आहे, हुंडा नको, खर्च आमचा’. अनोळखी टोळीपेक्षा ही गोड बोलणारी ओळख जास्त घातक असते.

मुलगी गेली की घरचे बदनामीच्या भीतीने गप्प बसतात. पोलीस ठाण्यात गेलेच तर ‘गेली असेल कुणाबरोबर, येईल दोन दिवसांत’ असं ऐकून परततात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. वाट पाहण्यात गेलेले ते दोन दिवस मुलीला जिल्ह्याबाहेर न्यायला पुरतात.

म्हणून मागण्या नेमक्या आहेत. पोलिसांनी प्रत्येक छाप्यात गिऱ्हाईक आणि जागामालक यांना आरोपी केलं का, हे जाहीर करावं. पत्रकारांनी मुलीची ओळख उघड होईल असा कोणताही तपशील छापू नये. खटल्यात जागामालकाचं काय झालं, ते मात्र निकालापर्यंत छापत राहावं. ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. कुटुंबं ऊसतोडीला जाण्याआधीच्या ग्रामसभेत त्याने मागे राहणाऱ्या मुलींची यादी करून त्यांची हंगामी वसतिगृहात किंवा गावातच सोय करावी. शाळेत मुलगी सलग गैरहजर राहिली तर मुख्याध्यापकांनी तिच्या घरी माणूस पाठवावा.

शेजारच्या खोलीत, लॉजवर किंवा लग्नमांडवात काही खटकलं, तर १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) हा क्रमांक लावावा. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळवणं बंधनकारक आहे आणि माहीत असूनही न कळवणं हा कलम २१ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे. हा कायदा लॉजमालकाला लागू आहे, सरपंचाला लागू आहे आणि ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यालाही.